दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि लिनक्स
जुईनगरसारख्या ठिकाणी बसवणुकीचा मेळावा कसा भरवावा

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांच्या दुकानात किंवा कारखान्यात एखादा जुना कॉम्प्युटर असतोच. त्यावर बिले निघतात, उधारी लिहिली जाते, जीएसटीचे विवरण भरले जाते, लग्नसराईत पत्रिका जुळवल्या जातात. तो हळू चालतो खरा, पण चालतो. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला. याचा अर्थ मशीन त्या दिवशी बंद पडले असा नव्हे. चोरवाटा बुजवणारी जी डागडुजी दर महिन्याला आपोआप येत असे ती थांबली, एवढाच त्याचा अर्थ. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत दिली गेली. ती मुक्कामाची सोय आहे, घर नव्हे.

मग विंडोज ११ का घालू नये, असे कोणी विचारील. त्या प्रणालीला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१५-१६ साली घेतलेले मशीन, त्याचा एकही पुर्जा बिघडलेला नसताना, या अटीत बसत नाही. अशा वेळी बाजारात दोन सल्ले मिळतात. एक, नवे मशीन घ्या. दुसरा सल्ला हळू आवाजात मिळतो : कोणाकडून तरी थोड्या पैशात चोरीची प्रत घालून घ्या. या दुसऱ्या सल्ल्याबद्दल स्पष्ट लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम आले. सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि धंद्यासाठी वापर असेल तर कैदेची तरतूद आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर काय काय मशीनमध्ये शिरते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ज्या मशीनवर ग्राहकांचे पत्ते आणि बँकेचा पासवर्ड आहे त्यावर असला माल चढवणे म्हणजे गल्ल्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

तिसरा मार्ग लिनक्सचा आहे.

लिनक्स ही विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे, पण ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली : सॉफ्टवेअर वापरण्याची, त्याची रचना पाहण्याची, ती बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मुभा सर्वांना असावी. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकीचे एक विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. या दोन्ही कामांच्या मेळातून आजची प्रणाली उभी राहिली. तिची प्रत शेजाऱ्याला देणे हा गुन्हा नाही. परवान्यातच तशी परवानगी दिलेली आहे. कारागिराने आपली हत्यारे स्वतः उघडून दुरुस्त करावीत आणि दुसऱ्या कारागिराला वापरायला द्यावीत, यात आमच्या वाचकांना नवल वाटू नये.

प्रश्न बसवण्याचा आहे. विकत घेतलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज आधीच असते, लिनक्स आपण घालावी लागते. नवख्या माणसाचा हात तेथेच अडतो. १९९० नंतरच्या दशकात तर हे काम फारच किचकट होते. मॉनिटरचे आकडे हाताने भरावे लागत, मोडेम चालेलच याची खात्री नसे. म्हणून जाणकारांनी एका दिवशी, एका जागी बसून येईल त्याला प्रणाली बसवून द्यायची, अशी प्रथा पडली. तिला इन्स्टॉलफेस्ट म्हणतात. आपण तिला बसवणुकीचा मेळावा म्हणू.

आपल्याकडेही ही गोष्ट नवी नाही. त्याच दशकात 'पीसीक्वेस्ट' मासिक अंकाबरोबर लिनक्सची सीडी देत असे. इंटरनेट महाग आणि संथ असताना त्या सीडीनेच पुष्कळांना पहिली ओळख करून दिली. उबुंटूचे लोक २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने मोफत सीडी पाठवत असत. मुंबईत आणि पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचे गट तयार झाले, आणि पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेत भरणाऱ्या 'ग्नूनिफाय' मेळाव्यातून शेकडो विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी लागली. जुईनगरहून तीन स्टेशने मागे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथे डॉ. नागार्जुन यांनी मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले. रायगड जिल्ह्यात कर्जतकडील खैराट या वाडीवरील शाळेत २००७ साली मुलांना जे छोटे लॅपटॉप मिळाले तेही लिनक्सवरच चालत होते. धनगरवाड्यावरील पोरे जी प्रणाली हाताळू शकली ती दुकानदाराला झेपणार नाही, हे आम्हास पटत नाही.

केरळात तर सरकारच यात उतरले आहे. शाळांच्या तंत्रशिक्षणाचे काम पाहणारी तेथील 'काइट' ही संस्था सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिनाच्या निमित्ताने, म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारच्या सुमारास, जिल्ह्याजिल्ह्यांतून असे मेळावे घेत आली आहे. लोक लॅपटॉप घेऊन येतात आणि प्रणाली बसवून मोफत घेऊन जातात. युरोपात २००९ साली अ‍ॅमस्टरडॅमला सुरू झालेल्या दुरुस्ती-कॅफेंमध्ये पूर्वी मिक्सर, इस्त्री आणि शिलाई मशीन येत असे. २०२५ साली 'एंड ऑफ टेन' या मोहिमेने त्याच टेबलांवर विंडोज १० चे लॅपटॉप आणून बसवले.

जागा आणि दिवस

जुईनगरचे नाव आम्ही मुद्दाम घेत आहोत. हार्बर मार्गाची आणि ठाणे-वाशी-पनवेल पट्ट्यातील ट्रान्स-हार्बर मार्गाची, अशा दोन्ही गाड्या येथे थांबतात. गोवंडी-मानखुर्दचा जरीकाम करणारा एका गाडीने येतो, मुंब्र्याचा शिवणकाम करणारा ठाण्याला गाडी बदलून येतो. तुर्भ्याचे मार्केट यार्ड आणि शिरवण्याची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. जागा म्हणून जमातीचा हॉल, शाळेचा वर्ग किंवा सोसायटीची खोली चालेल. रविवार सोयीचा, कारण शुक्रवारी दुपार मोडते आणि इतर दिवशी दुकान बंद ठेवणे कोणाला परवडत नाही. सकाळी दहाला सुरुवात करून जोहरच्या नमाजसाठी व जेवणासाठी सव्वा तास सोडावा. तेवढ्या वेळात चालू असलेल्या नकला पुऱ्या होतात.

विजेचा हिशेब आधी करावा. एक लॅपटॉप साधारण ६५ वॅट घेतो. पंधरा लॅपटॉप म्हणजे ९७५ वॅट, म्हणजे २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअर. सहा अँपिअरच्या एका साध्या प्लगवर हे कागदोपत्री बसते, परंतु त्याच बोर्डावर कोणी चहाची किटली लावली की फ्यूज उडतो आणि अर्धवट बसवलेली पंधरा मशीने एकदम अडचणीत येतात. दोन वेगळ्या प्लगांवर भार वाटावा, आणि चहा बाहेरून मागवावा. मोठ्या कॉम्प्युटरवाल्यांनी फक्त डबा आणावा. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस यांचे दोन-तीन संच हॉलवर ठेवले की लोकलच्या गर्दीत मॉनिटर सांभाळत येण्याची वेळ येत नाही.

प्रणालीची फाइल अडीच-तीन जीबीची असते. ती त्या दिवशी हॉलच्या इंटरनेटवरून उतरवायला बसू नये. आठवडाभर आधी उतरवून, तिचा पडताळणीचा आकडा जुळवून पाहावा आणि रूफस किंवा व्हेंटॉय या साधनाने आठ जीबीच्या पाच-सहा पेन ड्राइव्हवर चढवून ठेवावी.

कोणती लिनक्स घालावी यावर स्वयंसेवकांत वाद होतो. प्रत्येकाला आपली आवडती उत्तम वाटते आणि नवखा माणूस मध्ये उभा राहून ऐकत राहतो. हा वाद हॉलबाहेर ठेवावा. आमच्या मते दुकानदारांसाठी लिनक्स मिंट बरी. तिची मांडणी विंडोजच्या जवळची आहे, खाली डाव्या बाजूला मेनू आहे. दोन जीबी मेमरीवर ती उभी राहते, चार जीबी असेल तर नीट चालते. जुन्या मशीनला तिची हलकी 'एक्सएफसीई' आवृत्ती द्यावी. सर्वांना एकच प्रणाली दिली म्हणजे पुढे शेजारी शेजाऱ्याला विचारू शकतो.

अमानत

आता ज्या गोष्टीवर आम्हास सर्वांत जास्त भर द्यायचा आहे तिच्याकडे येऊ. प्रणाली बिघडली तर पुन्हा घालता येते. पाच वर्षांची उधारीची नोंद पुसली गेली तर ती कोणीही परत आणून देत नाही. बसवताना पडद्यावर एक पर्याय येतो : संपूर्ण डिस्क पुसून बसवा. ते बटण दाबले की जुने सारे गेले असेच समजावे. आलेल्या माणसाचे मशीन ही स्वयंसेवकाकडे आलेली अमानत आहे, आणि बहुतेकांना आपला माल मशीनमध्ये कोठे ठेवला आहे हेच माहीत नसते. डेस्कटॉपवर दिसते तेवढेच आपले, असा समज असतो. टॅलीचा डेटा डेस्कटॉपवर नसतो, तो स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. पत्रिकांचे फाँट विंडोजच्या पोटात असतात. बँकेचे आणि जीएसटीचे पासवर्ड ब्राउझरने जपून ठेवलेले असतात, ते मालकाच्या डोक्यात नसतात.

सबब नक्कल आधी, बसवणूक नंतर. आणि नक्कल घरूनच करून यावी, याचे कारण साधे गणित आहे. समजा मालकाचा माल १८० जीबी आहे. जुन्या, संथ यूएसबीवर सेकंदाला ३० एमबी वेग मिळाला तर ६,००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटे लागतात. नव्या यूएसबीवर ८० एमबीचा वेग धरला तरी ३७-३८ मिनिटे. पंधरा माणसे हॉलवर येऊन नकला काढू लागली तर संध्याकाळ तेथेच होईल. नक्कल झाल्यावर ती दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. टॅलीमध्ये बॅकअपची स्वतःची सोय आहे, तीही वापरावी.

दुसरा धोका बिटलॉकरचा. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये मालकाच्या नकळत डिस्कला कुलूप लागलेले असते. सुरू होण्याच्या रचनेत बदल केला की मशीन ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खाते दुकान लावून देणाऱ्या पोराने स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असते. हात लावण्यापूर्वी ही किल्ली शोधून कागदावर लिहून घ्यावी. सापडली नाही तर ते मशीन त्या दिवशी परत पाठवावे. मालक नाराज झाला तरी चालेल.

आम्ही असे सुचवतो की कीबोर्ड सबंध वेळ मालकाच्या हाताखाली असावा. स्वयंसेवकाने शेजारी बसून सांगावे. पासवर्ड मालकाने टाकावा, आणि 'पुसा' हे बटणही मालकानेच, वाचून, दाबावे. याने वेळ जास्त लागतो हे खरे. परंतु ज्याने स्वतः बसवले तो पुढच्या वेळी घाबरत नाही, आणि कोणाचे काय गेले असा वादही उरत नाही. दोन मशीनमागे एक स्वयंसेवक असे प्रमाण ठेवावे. घरी शिवणकाम किंवा भरतकाम करणाऱ्या बहिणी येणार असतील तर त्यांच्या टेबलावर मुलींनी बसावे. महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुली प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, त्यांना हे काम सांगून पाहावे.

कोणी घालावी, कोणी घालू नये

सरसकट सर्वांना लिनक्स द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. पेन ड्राइव्हवरून प्रणाली न बसवता चालवून पाहता येते. बसवण्याआधी प्रत्येकाने अर्धा तास तशी चालवावी. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे तेव्हाच कळते. वाय-फाय दिसले नाही तर मोबाईल केबलने जोडून त्याचे इंटरनेट द्यावे आणि मग ड्रायव्हर उतरवावा. ही युक्ती पुष्कळदा कामी येते.

प्रिंटर हा खरा परीक्षक आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज चालतात, एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्यांना ड्रायव्हर मिळतो. पण झेरॉक्सच्या आणि डीटीपीच्या दुकानांत हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर फार त्रास देतो. ज्याची रोजी त्या प्रिंटरवर आहे त्याने घाई करू नये.

हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्याने विंडोज काढून टाकू नये. टॅलीची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती नाही. त्याने डिस्कचा थोडा भाग रिकामा करून दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात आणि इंटरनेटचे काम लिनक्सवर करावे. हे करताना विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' आधी बंद करावे आणि जागा विंडोजमधूनच रिकामी करावी. ज्यांचा हिशेब अजून वहीवर आहे त्यांनी मुंबईत तयार झालेले 'ग्नूखाता' पाहावे. दृष्टिहीन असलेल्या कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. मात्र आपल्या सीएला विचारल्याशिवाय धंद्याचा हिशेब कोठेही हलवू नये. साध्या बिलांना आणि दरपत्रकांना लिबर ऑफिस पुरते.

पत्रिका छापणाऱ्यांची अडचण मोठी आहे. उर्दूच्या इनपेजची लिनक्स आवृत्ती नाही. श्रीलिपी आणि आकृतीच्या जुन्या फाइली उघडल्या तरी अक्षरे निरर्थक दिसतात, कारण ती युनिकोडमध्ये नसतात. कोरल ड्रॉची लिनक्स आवृत्ती २००० साली निघाली होती, पण ती टिकली नाही. इंकस्केपमध्ये काही सीडीआर फाइली उघडतात, सगळ्या उघडत नाहीत. नवे काम युनिकोडमध्ये करायचे असेल तर मराठीसाठी आणि नस्तालीकसाठी मोफत फाँट आहेत. जुन्या कामाचा साठा ज्याच्याजवळ आहे त्याने एक विंडोज मशीन, इंटरनेट तोडून, बाजूला ठेवावे.

भरतकाम करणाऱ्यांना मात्र येथे फायदाच आहे. इंकस्केपला जोडून चालणारे 'इंक-स्टिच' हे मोफत साधन नक्षीचे टाके बनवते आणि कॉम्प्युटर-एम्ब्रॉयडरी मशीन ओळखते त्या डीएसटी नमुन्यात फाइल देते. यासाठीची विकतची सॉफ्टवेअरे लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेर असतात, आणि म्हणून या धंद्यात चोरीच्या प्रतींचा सुळसुळाट आहे. महागड्या सॉफ्टवेअरची सगळी सफाई यात नाही, पण नाव घालणे, बुट्टी, साधी बॉर्डर ही कामे यातून निघतात. जरीवाल्यांच्या पोरांनी हे अवश्य शिकून घ्यावे.

मेळाव्यानंतरचा सोमवार

बसवून झाले की टाळ्या वाजतात, फोटो निघतात. खरी परीक्षा सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर होते. गिऱ्हाईक समोर उभे आहे, बिल छापत नाही आणि विचारायला कोणी नाही, अशी वेळ एकदा आली की मालक संध्याकाळी जुनी विंडोज परत घालून घेतो, आणि लिनक्स वाईट असे चार जणांना सांगतो. म्हणून मेळावा भरवणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात फोन उचलणारी दोन माणसे नेमावीत आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी दोन तासांची बैठक ठेवावी. तेथे नवी मशीने घेऊ नयेत, फक्त अडलेल्यांचे ऐकावे. शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सचे आणि लिबर ऑफिसचे धडे मराठीतूनही मोफत मिळतात. एक धडा दहा मिनिटांच्या आसपास असतो, दुपारच्या मंदीत ऐकून होतो.

नावनोंदणी आठ दिवस आधी करावी आणि एका दिवसाला पंधरापेक्षा जास्त मशीने घेऊ नयेत. अर्जात नाव-पत्त्याखेरीज एवढेच विचारावे : मशीन किती जुने, मेमरी किती, त्यावर रोज कोणते काम चालते, नक्कल कोणत्या तारखेला काढली, विंडोज ठेवायची की काढायची. आणि प्रिंटरचे नुसते कंपनीचे नाव लिहून आणू नये. त्याच्या मागच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर उतरवून आणावा.